शहिदांच्या यादीत मावशी कुठे आहेत?

दरवर्षी १२ मे रोजी परिचारिका दिन आणि १ जुलै रोजी डॉक्टर दिन साजरा होतो. फुले दिली जातात, भाषणे होतात, पांढऱ्या कोटातले फोटो मोबाईलवर फिरतात. रुग्णांची सेवा करताना ज्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी प्राण गमावले त्यांना आमचेही विनम्र अभिवादन आहे. तो मान त्यांचा हक्काचा आहे आणि त्यात कुणी काही कमी करू नये.

परंतु रुग्णालय नावाच्या इमारतीत डॉक्टर आणि नर्स यांच्याखाली आणखी एक जग राबत असते. बेडपॅन उचलणारी आयाबाई, स्ट्रेचर ओढणारा वॉर्डबॉय, रक्ताने भिजलेले बोळे गोळा करणारा सफाई कामगार, शवागारात मृतदेह कापडात बांधणारा कर्मचारी, रुग्णांचे कपडे धुणारा धोबी, रुग्णवाहिकेचा चालक. डॉक्टरला आपण 'सर' किंवा 'मॅडम' म्हणतो, परिचारिकेला 'सिस्टर' म्हणतो आणि या माणसांना 'मावशी' आणि 'मामा' म्हणतो. हाक सगळ्यात जवळच्या नात्याची, पण मावशीचे आडनाव काय, ती कुठल्या वस्तीतून येते, तिला पगार कोण देतो, हे वॉर्डातल्या कुणालाही ठाऊक नसते. ती मेली तर कुठल्या यादीत तिचे नाव लागेल, हे तर तिलाही ठाऊक नसते.

या लेखात आम्ही एकच मुद्दा मांडणार आहोत. आरोग्यसेवेतला रोगाचा आणि मृत्यूचा धोका उतरंडीवरून खाली ढकलला जातो, त्या धोक्याचा मान मात्र वर ओढला जातो, आणि हे बिनबोभाट चालते कारण खालच्या पायरीवरच्या मृत्यूची नोंदच ठेवली जात नाही. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती मेल्यानंतरही माणसाचा पिच्छा सोडत नाही. हे आमचे मत म्हणून नव्हे, तर गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासातून तपासून पहावे.

मोजले म्हणून कळले

डॉक्टर स्वतः रोगांना बळी पडतात, हे आज उघड वाटते. पण एके काळी तेही सिद्ध करावे लागले. इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी खात्यातील सांख्यिकी अधिकारी विल्यम ओगल यांनी १८८६ साली डॉक्टरांच्या मृत्यूंचा हिशेब मांडला. तेव्हा दिसले की डॉक्टरांचा मृत्युदर पाद्र्यांच्या जवळपास दुप्पट आहे. दोघेही शिकलेले, दोघेही प्रतिष्ठित, दोघेही खाऊनपिऊन सुखी. मग फरक कशाचा? अर्थात कामाचा. हे कळू शकले कारण मृत्यूच्या नोंदीत त्या माणसाचा व्यवसाय 'डॉक्टर' असा स्पष्ट लिहिलेला होता. ज्याचा व्यवसाय लिहिलेला असतो त्याचा मृत्यू आकडा बनतो आणि आकड्यातून धोरण बनते.

परिचारिकांना यासाठी आणखी चाळीस वर्षे थांबावे लागले. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला तरी पुढची कित्येक दशके अनेक नामांकित तज्ज्ञ सांगत होते की रुग्णालयात काम केल्याने क्षय होत नाही, परिचारिका तो बाहेरून आणतात. म्हणजे दोष तिच्या घराचा, तिच्या तब्येतीचा, तिच्या राहणीचा. नॉर्वेमध्ये ऑस्लोच्या उलेवॉल रुग्णालयात योहानेस हाइमबेक या डॉक्टरने १९२४ पासून एक साधी गोष्ट केली. नर्सिंगला प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलीची पहिल्याच दिवशी ट्युबरक्युलिन चाचणी केली आणि पुढे ठरावीक काळाने पुन्हा केली. जवळपास निम्म्या मुली प्रवेशाच्या वेळी क्षयाच्या संसर्गापासून पूर्ण मुक्त होत्या. तीन वर्षांचे प्रशिक्षण संपेपर्यंत त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना संसर्ग झालेला होता आणि क्षयाने आजारी पडणाऱ्या मुलींमध्ये त्यांचाच भरणा होता. 'बाहेरून आणला' हा बचाव त्या दिवशी कोसळला. पुढे या मुलींना बीसीजी लस देण्याचे काम हाइमबेक यांनी हाती घेतले.

तरुण कार्यकर्त्यांनी ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी. परिचारिकेला न्याय मिळाला तो कुणाच्या दयेने नाही. कामावर येताना ती निरोगी होती, हे कागदावर होते म्हणून मिळाला. आपल्या वस्तीतली जी बाई कंत्राटदारामार्फत रुग्णालयात झाडू मारायला जाते, तिची कामावर लागतानाची तपासणी कुठल्या कागदावर आहे? तिला क्षय झाला की लगेच सांगितले जाते, "तुमच्या झोपडपट्टीतच असतो तो." शंभर वर्षांपूर्वी युरोपातल्या परिचारिकेला जे उत्तर मिळत होते तेच आज आमच्या मावशीला मिळते. मुंबईच्या शिवडी क्षयरोग रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना क्षय झाल्याच्या आणि काहींचा त्यात मृत्यू झाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून अनेकदा आल्या आहेत. ज्या इमारतीत माणसे रोज क्षयाच्या रुग्णांची थुंकी साफ करतात, तिथे रोग कुठून आला हा प्रश्न विचारायला निर्लज्जपणाच लागतो.

व्हिएन्नातले दोन मृत्यू, आणि तिसरा

व्हिएन्ना शहराच्या रुग्णालयात १८४७ साली याकोब कोलेच्का नावाचे प्राध्यापक वारले. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या सुरीचे टोक त्यांच्या बोटाला लागले आणि सगळ्या अंगात विष भिनले. त्यांचे सहकारी इग्नाझ सेमेलवाइस यांनी त्यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला आणि त्यांच्या लक्षात आले की बाळंतपणानंतर तापाने मरणाऱ्या बायकांच्या शरीरातही हेच बदल दिसतात. शवागारातून थेट प्रसूतिगृहात येणारे डॉक्टरांचे हातच या बायकांना मारत होते. त्याच रुग्णालयात सुईणींच्या विभागात मृत्यूचे प्रमाण कितीतरी कमी होते. सेमेलवाइस यांनी हात क्लोरिनच्या पाण्याने धुण्याचा नियम केला आणि मृत्यू झपाट्याने घटले. एका डॉक्टरचा मृत्यू नीट वाचला गेला आणि त्यातून लाखो बायकांचे प्राण वाचवणारे शास्त्र जन्माला आले.

आता आपल्याकडे या. आपल्या अनेक सरकारी शवविच्छेदनगृहांत सुरी कुणाच्या हातात असते? प्रत्यक्ष चिरफाड करतो तो सफाई कामगार किंवा शवागारातला मदतनीस, आणि तो बहुतेक वेळा आपल्याच समाजातला असतो. डॉक्टर बाजूला उभे राहून पाहतात, सूचना देतात, अहवालावर सही करतात. मृतदेहाचा विटाळ अमुक जातीने सांभाळायचा, हा गावगाड्याचा नियम सरकारी इमारतीत आला आणि त्याला 'चतुर्थश्रेणी' असे नाव मिळाले. त्या मदतनीसाच्या बोटाला सुरी लागली आणि तो तापाने मेला, तर त्याचा अहवाल कोण वाचणार? त्याच्या मृत्यूतून कुठले शास्त्र जन्माला येणार? लोक म्हणतील, "दारू पीत होता."

दारूचे हे लेबलही जुने आहे. त्यासाठी पुन्हा व्हिएन्नालाच जावे लागेल, आणि या वेळी वाट मुंबईवरून जाते. १८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला. त्याच्या अभ्यासासाठी ऑस्ट्रियातून डॉक्टरांचे एक पथक १८९७ साली मुंबईत आले. त्यात हेर्मान म्युलर नावाचे तरुण डॉक्टर होते. पथक परत जाताना अभ्यासासाठी प्लेगचे जंतू सोबत घेऊन गेले. व्हिएन्नाच्या प्रयोगशाळेत या जंतूंवर आणि त्यांची लागण केलेल्या प्राण्यांवर काम चालू असताना ऑक्टोबर १८९८ मध्ये तिथल्या फ्रान्झ बॅरिश या नोकराला प्लेग झाला. जनावरांची देखभाल आणि साफसफाई हे त्याचे काम. तो मेला. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. म्युलर यांना लागण झाली, तेही मेले. पाठोपाठ त्याची शुश्रूषा करणारी परिचारिका अल्बिने पेखा मेली.

एकच जंतू, एकच इमारत, तीन बळी: एक नोकर, एक डॉक्टर, एक परिचारिका. डॉ. म्युलर यांचे स्मारक उभारले गेले आणि ते योग्यच होते, कारण त्यांनी जिवावर उदार होऊन शेवटपर्यंत आपले कर्तव्य केले. बॅरिशबद्दल मात्र चर्चा झाली ती त्याच्या निष्काळजीपणाची आणि दारूची. डॉक्टर मेला तर त्याग, नोकर मेला तर त्याचीच चूक. युरोपात जात नव्हती, वर्ग होता. जिथे वर्गाच्या जोडीला जातही आहे तिथे हा हिशेब किती पक्का होत असेल, याची कल्पना करा.

प्लेगची मुंबई, प्लेगचे पुणे

मुंबईतला तो प्लेग सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्रथम ओळखला तो मूळ गोव्याचे असलेल्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. धोबी तलावाला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. आता त्याच काळातली दुसरी बाजू पहा. शहरातले शौचकूप आणि कचरा साफ करणाऱ्या कामगारांना तेव्हा पालिकेच्या भाषेत 'हलालखोर' म्हणत. प्लेग पसरला तसे लाखो लोक शहर सोडून पळाले. व्यापारी गेले, गिरणी कामगार गेले. पालिका आयुक्त स्नो यांना सर्वांत मोठी धास्ती होती ती हे हलालखोर निघून गेले तर काय, याची. ते गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते आणि त्यांनी ते आपल्या अहवालातही नोंदवले. जबरदस्तीने रुग्णांना वेगळे ठेवण्याचे कडक नियम पालिकेला सैल करावे लागले, त्यामागे ही भीतीही होती.

म्हणजे शहराला आपल्या सफाई कामगारांची किंमत तेव्हाच कळली होती. फक्त ती किंमत माणसाची नव्हती, कामाची होती. ते पळून जाऊ नयेत एवढीच काळजी. ते मरू नयेत ही काळजी नाही. प्लेगच्या घरात सर्वांत आधी शिरून घाण उपसणाऱ्या त्या माणसांपैकी किती जण मेले, त्यांची नावे काय होती, हे सांगणारा दगड मुंबईत कुठल्या चौकात आहे?

याच्या अगदी उलट घडले ते पुण्यात. सावित्रीमाईंनी आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव फुले यांनी पुण्याबाहेर ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळताच ६६ वर्षांच्या सावित्रीमाई स्वतः गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला. माईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे परिनिर्वाण झाले. पुढे १९०५ साली डॉ. यशवंतरावही प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेले. आई आणि मुलगा, दोघेही एकाच रोगाने, एकाच कामात.

१० मार्चला आपण माईंच्या फोटोला हार घालतो आणि 'करुणामूर्ती' म्हणून मोकळे होतो. आमच्या मते हे अपुरे आहे. माईंच्या त्या कृतीत करुणा तर होतीच, पण एक स्पष्ट विचारही होता. त्या काळच्या समाजाचा नियम असा की धोका खालच्या जातीने उचलायचा. अस्पृश्य मुलाला कुणी हात लावायचा नाही, आणि त्यात प्लेग! माईंनी हा नियम उलटा केला. धोका उचलायला कुणा गड्याला पाठवले नाही, स्वतः गेल्या. ज्याला शिवणे पाप मानले जाई त्याला पाठीवर घेतले. म्हणून आमच्या दृष्टीने सावित्रीमाई या आरोग्यसेवेतल्या उतरंडीवर पहिला घाव घालणाऱ्या आहेत.

तथागतांची गोष्टही इथे आठवते. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूकडे कुणी लक्ष देत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि स्वतःच्या हाताने त्याचे अंग धुतले. हे काम खालच्याचे आहे, असे त्यांनी म्हटले नाही. शुश्रूषेत वरचे काम आणि खालचे काम असा भेद बुद्धाला मान्य नव्हता. तो भेद आणला तो चातुर्वर्ण्याने.

कोविड: टाळ्या सगळ्यांना, यादी काहींची

आता आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या इतिहासाकडे येऊ. २२ मार्च २०२० रोजी देशाने थाळ्या वाजवल्या. ३ मे रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुलांच्या पाकळ्या टाकल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संसदेत प्रश्न आला की किती आरोग्य कर्मचारी मेले, तेव्हा केंद्र सरकारने सांगितले की अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही, आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. संतापलेल्या इंडियन मेडिकल असोसिएशनने तेव्हा ३८२ मृत डॉक्टरांची यादीच प्रसिद्ध केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने आकडे दिले: १६२ डॉक्टर, १०७ परिचारिका, ४४ आशा. असोसिएशनने पुन्हा आक्षेप घेतला की आमच्या नोंदीनुसार केवळ डॉक्टरच ७३४ आहेत.

डॉक्टरांच्या संघटनेने यादी केली, सरकारशी भांडण केले, ते बरोबरच केले. आमचा प्रश्न वेगळा आहे. डॉक्टरांचे आकडे सरकारने दडवले तर ते उघडे पाडायला डॉक्टरांची संघटना होती. मावशीचा आकडा दडवला तर भांडायला कोण होते? कक्षसेवकांची, कंत्राटी सफाई कामगारांची, शववाहिनीवरच्या पोरांची यादी कुणी प्रसिद्ध केली? जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडने मेले असावेत असा अंदाज दिला. या अंदाजाच्या खालच्या आणि वरच्या टोकात एक लाखाचा फरक आहे. त्या फरकात कोण लोक दडलेले आहेत, हे सांगायला ज्योतिषी नको.

इथे काही विद्वान म्हणतील, "विषाणूला जात नसते." अगदी खरे आहे. विषाणूला जात नसते, पण ड्युटीच्या तक्त्याला असते. चांगला मास्क कुणाला मिळाला आणि कुणी रुमाल बांधून काम केले, हे विषाणू ठरवत नाही.

पुरावा हवा असेल तर इंग्लंडकडे पहा. एप्रिल २०२० मध्ये बर्मिंगहॅमच्या रुग्णालयांतील ५१६ कर्मचाऱ्यांचे रक्त तपासले गेले. संसर्ग होऊन गेल्याचे प्रमाण सर्वांत जास्त कुणात निघाले? सफाई आणि देखभालीचे काम करणाऱ्यांमध्ये, ३४.५ टक्के. आणि अतिदक्षता विभागात, जिथे रुग्ण सर्वांत गंभीर, तिथल्या कर्मचाऱ्यांत प्रमाण बरेच कमी होते, १४.८ टक्के. अतिदक्षता विभागाला सगळ्यात चांगली संरक्षक साधने मिळाली होती. म्हणजे धोका केवळ रोग्याजवळ जाण्याने ठरत नाही, संरक्षण कुणाला दिले यावरून ठरतो.

त्याच महिन्यात इंग्लंडमधल्या १०६ आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला. तिथल्या सरकारी आरोग्य सेवेत अल्पसंख्य वंशाचे कर्मचारी सुमारे २१ टक्के, पण या मृतांमध्ये त्यांचे प्रमाण ६३ टक्के निघाले. सगळा देश हादरला, चौकशीची मागणी झाली. हे कळले कारण तिथे मृताचा वंश कोणता हे विचारण्याची लाज वाटत नाही. आपल्याकडे मृत आरोग्य कर्मचाऱ्याची जात कुठल्या रकान्यात लिहिली गेली? सफाईच्या नोकरीत माणूस घेताना मात्र त्याची जात सगळ्यांना बरोबर कळते.

सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला. कागदावर त्यात सफाई कामगार, वॉर्डबॉय, आशा, रोजंदारीवरचे, कंत्राटी, सगळे होते. पण दाव्यासाठी संस्थेचा दाखला लागत होता की मृत व्यक्ती तिथे कामाला होती आणि कोविड रुग्णांच्या संपर्कात होती. आता ज्या बाईचा पगार उपकंत्राटदाराच्या हातून रोख मिळतो, जिचे हजेरीपत्रकावर नाव असेलच याची खात्री नाही, तिच्या पोरांनी हा दाखला कुणाकडून आणायचा? विमा असूनही नोंदीअभावी तोंडाला पाने पुसली जातात ती अशी.

आमची मुले डॉक्टर झाली तरी

आणखी एक बाजू सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. आरक्षणाने आपल्या घरातली मुलेमुली डॉक्टर झाली, परिचारिका झाली. त्यांच्या वाट्याला जंतूंच्या जोडीला आणखी एक धोका येतो. डॉक्टरांमधील आत्महत्यांवरच्या अनेक देशांतील अभ्यासांचा २००४ साली एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात स्त्री डॉक्टरांमध्ये आत्महत्येचे प्रमाण सर्वसाधारण स्त्रियांच्या दुपटीहून अधिक आढळले. रात्रंदिवसाची ड्युटी, अपुरी झोप, वरिष्ठांचा जाच ही त्याची ओळखीची कारणे. आपल्या देशात याला जातीची जोड मिळते. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील निवासी डॉक्टरने आत्महत्या केली आणि ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. परंतु जात हा रुग्णालयातल्या कामाचा एक जीवघेणा धोका आहे, ही गोष्ट त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राच्या समोर आली. हातमोजे आणि मास्क यांनी हा धोका अडत नाही.

नोंद हेच हत्यार

मग करायचे काय? केवळ हळहळ व्यक्त करणे हे आंबेडकरी कार्यकर्त्याचे काम नाही. बाबासाहेबांनी कामगारांच्या आरोग्याचा प्रश्न दयेच्या दारातून बाहेर काढून हक्काच्या दारात आणला. १९३५ साली त्यांनी मुंबई म्युनिसिपल कामगार संघ उभा केला, ज्यात पालिकेचे सफाई कामगार होते. व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये मजूरमंत्री असताना, १९४३ साली, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम प्रा. आडारकर यांच्याकडे सोपवले गेले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आजारी कामगाराला मालकाच्या मर्जीने नव्हे, कायद्याने उपचार आणि पैसा मिळेल, हा विचार तिथे रुजला.

त्या परंपरेतले काही कायदे आजही आपल्या उपयोगाचे आहेत आणि ते आपल्याच लोकांना माहीत नाहीत.

पहिला मुद्दा सुईचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ३० लाख आरोग्य कर्मचाऱ्यांना सुई किंवा धारदार वस्तू लागून रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा धोका होतो. त्यात २० लाखांना हिपॅटायटिस बी चा. परिचारिकेला सुई लागली तर निदान ती कुणाच्या रक्ताची हे तिला माहीत असते, त्या रुग्णाची तपासणी करता येते. कचऱ्याच्या पिशवीतून सुई टोचलेल्या मावशीला ती कुणाची हे कधीच कळत नाही. म्हणून तिला लस आधीच मिळायला हवी. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ हे स्पष्ट सांगतात. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, संरक्षक साधने द्यायची, प्रशिक्षण द्यायचे, कामावर लागताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करायची. वर्षभरात किती अपघात झाले आणि किती जणांना बाधा झाली हे वार्षिक अहवालात लिहायचे आणि तो अहवाल संकेतस्थळावर टाकायचा. हाइमबेकने ऑस्लोत जे केले, तेच आपल्या नियमात लिहिलेले आहे. अंमलबजावणी कुठे आहे?

दुसरा मुद्दा भरपाईचा. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक रोगांची यादी होती. तिच्यात आरोग्याच्या आणि प्रयोगशाळेच्या कामातून होणारे संसर्गजन्य रोग पहिल्याच क्रमांकाला होते. या कायद्याचे तत्त्व असे होते की अशा कामातल्या माणसाला असा रोग झाला तर तो कामातूनच झाला असे धरायचे. नाही झाला, हे मालकाने सिद्ध करायचे. "झोपडपट्टीतून आणला" म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे! राज्य विमा योजनेतही हीच यादी मान्य झालेली आहे.

म्हणून आमचे प्रत्येक तालुक्यातल्या तरुणांना सांगणे आहे. आपल्या जवळचे एक सरकारी रुग्णालय निवडा. माहितीच्या अधिकारात चार गोष्टी विचारा: सफाईचे आणि कक्षसेवेचे काम करणारे कायम आणि कंत्राटी कर्मचारी किती, त्यातल्या किती जणांना हिपॅटायटिस बी ची लस दिली, मागच्या वर्षी किती जणांची तपासणी झाली, गेल्या पाच वर्षांत नोकरीत असताना किती जण वारले आणि कशाने. खासगी रुग्णालयांचे वार्षिक अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागा. वस्तीतल्या ज्या मावशी आणि मामा रुग्णालयात जातात त्यांना हजेरीची नोंद, पगाराची चिठ्ठी आणि विम्याचे कार्ड जपून ठेवायला शिकवा. नसेल तर कंत्राटदाराकडे लेखी मागा. परिचारिकांच्या आणि निवासी डॉक्टरांच्या संघटनांशीही बोला. त्यांचा लढा आणि आपला लढा वेगळा नाही. संप केला की 'अत्यावश्यक सेवा' म्हणून मेस्माचा बडगा त्यांनाही दाखवला जातो. १९३८ साली संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाला बाबासाहेबांनी विधिमंडळात कडाडून विरोध केला आणि ७ नोव्हेंबरला कामगारांचा संप घडवला, हे त्यांनाही सांगा.

एका तालुक्यातली माहिती छोटी वाटेल. पण तीनशेहून अधिक तालुक्यांची माहिती एकत्र आली तर महाराष्ट्रात पहिल्यांदा ती यादी तयार होईल जी कुठल्याही सरकारने केली नाही. मग पुढच्या साथीत संसदेत कुणी उभे राहून 'आमच्याकडे माहिती नाही' असे म्हणाले, तर आपण ती त्यांच्या टेबलावर ठेवू शकू. तिच्यात डॉक्टरांची नावे असतील, सिस्टरची असतील, आणि मावशी नावाच्या बाईचे खरे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, सगळे असेल.

जयभीम! जय सावित्री!